गोगलगाईचे सहा लेखक

गोगलगाय एकदा गेलेली वाट लक्षात ठेवते का, या प्रश्नापायी तिने ऐन उमेदीची वर्षं काचेच्या पेटीसमोर बसून काढली. गोगलगायींना घाई नव्हती. घाई घरच्यांना होती. अखेर शोधनिबंध झाला, नियतकालिकाने जवळजवळ स्वीकारलाही, आणि तेव्हा तिला कळलं की तो सहा जणांनी लिहिलाय. ती चौथी.

विभागाची रीतच तशी होती. कुणाचं लग्न झालं, कुणाला मुलगा झाला, कुणी निवृत्त झालं, की विभागप्रमुख सर पुढच्या निबंधात त्याचं नाव घालून टाकत. भेटवस्तू महागल्यापासून हे फारच सोयीचं पडे. या खेपेला त्यात सरांचे जावईही होते. ते दुसऱ्या कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवत आणि बढतीसाठी त्यांना एक निबंध हवा होता, कशावरही.

पण नियतकालिकाच्या संपादकबाई खमक्या निघाल्या. त्यांनी प्रत्येक लेखकाला विचारलं: या कामात तुम्ही नेमकं काय केलंत? निवृत्त ग्रंथपालांनी कळवलं, "आशीर्वाद दिले." जावयांनी कळवलं, "गोगलगायींकडून धावण्याचा सराव करून घेतला."

बाईंनी तिलाच विचारलं: किती वेगाने?

"सांभाळून घे गं," सर म्हणाले. "लिही, माफक वेगाने."

"सर, मी नावं काढणार आहे."

"आणि तुझ्या प्रबंधावर सही कोण करणार? तुझा काका?"

"सही तुम्हीच करायची. नावं मात्र जाणार."

सर हसले. नाव काढायचं तर ज्याचं नाव त्याची लेखी संमती लागते, हा नियम त्यांना ठाऊक होता. फुकटचं कोण सोडतंय?

तिने नसलेला पदर खोचला आणि एकेकाचं घर गाठलं. निबंधावर नाव असलं की त्यातल्या प्रत्येक ओळीचा जाब देता यायला हवा, एवढंच ती सांगे आणि निबंध शिकवायला बसे. ग्रंथपाल दुसऱ्याच आलेखावर शरण आले. नवा बाप आणि नवी नवरी यांनी तिला दारात बघूनच पेन मागितलं.

जावई मात्र चिवट. "ताई, आहेर आहे हो तो. सासऱ्यांनी दिलेला परत कसा करू?"

"अहो, द्या की सही करून," आतून त्यांची बायको ओरडली. "बाबांनी दिलेला मिक्सर तरी कुठे चालतोय?"

जावयांनी पडल्या चेहऱ्याने सही केली. मग हळूच विचारलं, "खरंच धावतात का हो?"

उरले सर. तिने निबंध त्यांच्यापुढे ठेवला. "तुमचं नाव ठेवायचं की काढायचं, ते वाचून तुम्हीच सांगा."

"वाचून?" हॉटेलात जेवायला जाऊन भांडी घासायची वेळ आल्यासारखा सरांचा चेहरा झाला. पण हट्टाला तेही कमी नव्हते. चष्मा लावून बसले. ती समोरून हलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली आणि कैक वर्षांनी शिक्षकासारखं विचारलं, "दर खेपेनंतर काच कशाने पुसायचीस?"

"कोरड्या फडक्याने."

"धुवायची नाहीस?"

"नाही," म्हणता म्हणता तिला उमगलं.

गोगलगाय जाते तिथे चिकट माग सोडते. कोरड्या फडक्याला तो दाद देत नाही. तिच्या गोगलगायी काहीएक लक्षात ठेवत नसतील. आपल्याच मागावरून मुकाट परत जात असतील.

सरांनी आवाज खाली आणला. "बाईंच्या हे लक्षात आलेलं नाही. परीक्षकांच्याही नाही. समज, मी वाचलंच नाही. मला सवय आहे त्याची. प्रबंधावर सही आत्ता करतो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. तिने निबंध उचलून घेतला.

"निबंध मागे घेते, सर. का घेतला, तेही बाईंना आजच कळवते. सगळे प्रयोग धुतलेल्या काचेवर पुन्हा."

"वेड लागलंय? वर्षं जातील! त्यांची चाल माहितीये ना?"

"माझ्याइतकी कुणाला?"

"आणि त्यांना काहीच आठवत नाही असं निघालं तर?"

"तर तसं छापायचं."

सरांनी टोपण लावलं. मग खिडकीकडे बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि माझं नाव?"

"राहील. आज तुम्ही काम केलंत."

एवढा मोठा माणूस, पण कानापर्यंत लाल झाला.

तिने बाईंना पत्र पाठवलं, बाह्या सरसावल्या आणि नळ सोडला. काच चांगली हातभर रुंद होती.

"सर, जरा ते टोक धरा."