तिसऱ्यांदा उतरवलेलं इंजिन

वसंतरावांच्या एका गाडीनं सिद्धेश्वरचं नाव लातूरच्या गॅरेज गल्लीत पार धुळीला मिळवलं होतं. गाडी पन्नास वर्षांची, इंजिन मागं, तेही वाऱ्यावर थंड होणारं, आणि त्यातून तेल गळायचं. सिद्धेश्वरनं एकदा इंजिन उतरवून सगळी सीलं बदलली. दुसऱ्यांदा पॅकिंग बदललं. तिसऱ्यांदा पुन्हा सीलं. आठ दिवसांत वसंतरावांच्या फरशीवर डबकं हजर! मग ते गल्लीत उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "नकली माल घालतोय हा. याच्याकडं गाडी टाकू नका."

सिद्धेश्वरच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षांत त्यानं साधा वायसर नकली घातला नव्हता, आणि आता नेहमीची गिऱ्हाइकं मान खाली घालून शेजारच्या गॅरेजात शिरत होती. शेवटी एका सकाळी तो स्वतःच त्यांच्या घरी गेला.

गॅरेजात गाडी आली की तो आधी तेल काढून टाकायचा, तेव्हा इंजिनातली तेल मोजायची पट्टी बघणार कशाला? आज त्यानं ती ओढली. तेल वरच्या रेघेच्या बोटभर वर होतं.

"यात तेल कुणी घातलं?"

"हेच घालतात की," वसंतरावांच्या बायको चंद्रप्रभाकाकू दारातून म्हणाल्या. "रोज देवाला दिवा लावला की हिलाबी तेल."

"मग?" वसंतराव आतून आले. "चाळीस वर्षं तेलाचं दुकान केलंय मी. माप कधी काठाखाली दिलं न्हाई. अन् हिला अर्धवट ठेवू?"

"काका, हे इंजिन हाय, गिऱ्हाईक न्हाई! जास्तीचं तेल वाट फुटंल तिकडून निघणारच. माझं सील काय करंल त्याला?"

त्यानं जास्तीचं तेल काढलं, गाडीखाली पुठ्ठा अंथरला आणि काकूंना तेलाचा डबा कुलपात ठेवायला सांगितलं. गाडी रोज फिरली. आठ दिवस पुठ्ठा कोरडा राहिला.

नवव्या दिवशी वसंतराव गॅरेजात आले. अगदी जवळ येऊन पुटपुटले, "माझंच चुकलं बाबा."

"मला काय सांगता? मला म्हाईतच होतं. गल्लीला सांगा."

वसंतरावांनी आजूबाजूला पाहिलं. टायरवाला, वेल्डिंगवाला, चहाच्या टपरीवरची माणसं, सगळे तेच होते.

"आता कशाला तमाशा?"

"माझा केला तवा न्हाई वाटला तमाशा?"

सिद्धेश्वरनं हात पुसले आणि धडधडणारा कंप्रेसर बंद केला.

"हां. बोला आता."