एक्केचाळिसावा सेकंद

लाल रेघेच्या टोकाचा तो ठिपका एक्केचाळिसाव्या सेकंदावर थांबलेला होता. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. अंकुरनं वेळ पाहायला म्हणून बायकोचा, सलोनीचा, मोबाईल उचलला, तर पडद्यावर रेल्वेच्या फलाटावर तोंड अर्धवट उघडून उभी असलेली एक नटी. युद्धावरच्या नव्या प्रेमपटाचा टीझर, काल आलेला. नायक आपल्याच भागातला शिपाई, म्हणून राजूरच्या खाणीवर सगळे तोच पाहत होते. त्यानंही वजनकाट्यावर, कोळशाच्या दोन ट्रकांच्या मधे पाहिला होता — रणगाडे, धूर, गाणं... ठीक वाटला होता. या सेकंदाला काय होतं, ते मात्र आठवेना.

त्यानं ठिपका मागे ओढला. नटी गाडीतल्या शिपायाच्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "येजो."

"हे काहून थांबवलं व इथं?"

सलोनी डबा भरत होती. "चुकली ते. पुण्याची असन बिचारी."

"येजो त बरोबर म्हटलं."

"शब्द बरोबर हाय. पण जाणाऱ्याले येजो म्हणताना त्याच्याकडे पाहत नाहीत. पाहिलं त म्हणवतच नाही." ती हसली. "तुम्हाले नाही समजत."

नाहीच समजत. पण तिला समजतं — कुणामुळे? 'येजो', परत ये, हे तर ज्याला 'तू' म्हणावं त्यालाच. सहा वर्षं ती त्याला 'तुम्ही' म्हणते. त्याच्या वाट्याला रोज येतं ते 'येजा', आदराचं, दारात उभं राहून, सरळ त्याच्या डोळ्यांत पाहून. पाहून! आणि हेच तो आजवर आपलं भाग्य समजत होता... तिला भाऊ नाही. पुसदच्या कॉलेजातली तीन वर्षं ती सांगते, ती सगळी मैत्रिणीची, पायलची — पायलचा डबा, पायलची सायकल — इतकी एकाच नावाची, की त्या नावाआड कुणी उभं असावं. कुठल्या एसटीच्या खिडकीखाली तिनं मान वळवली असेल? माझ्यासाठी एकदा तरी...

"कोनाले म्हटलं होतं?" हे ओठांपर्यंत आलं. बाहेर पडलं ते निराळंच. "लागला त जाऊ पाहायले."

"मी पायलसंगं पाहीन, पुसदले. तुम्ही त घोरता सिनेमात."

गाडीला किक मारताना त्याला वाटलं, हा सिनेमा पुसदला लागूच नये. चौकात येईस्तोवर वाटू लागलं, लागावा. तिला न सांगता आपण मागच्या रांगेत बसावं आणि पडद्याकडे एकदाही पाहू नये.

काट्यावर पोचल्यावर त्यानं टीझर शेवटपर्यंत पाहिला. तारीख दिलेली नाही. 'लवकरच', एवढंच आहे.