एका कान्याची चूक

आमच्या हॅम्बुर्गात माणसं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत म्हणत म्हातारी होतात. 'तू' आपण होऊन म्हणता येत नाही; ते आधी कोणीतरी देऊ करावं लागतं. देण्याचा मान वयाने मोठा असेल त्याचा. पण समोर बाई असेल तर मान बाईंचा. आता डेटलेफ इंगवरसन बहात्तर वर्षांचे आणि समोरच्या दारातल्या मारेन हार्म्स, म्हणजे हार्म्सबाई, अडुसष्टच्या. म्हणजे वयाने यांनी द्यायचं आणि बाईमाणूस म्हणून त्यांनी. या पेचात एकोणीस वर्षं घोडं अडलं होतं. दोघं एकमेकांच्या कुंड्यांना पाणी घालत, दोघांचेही जोडीदार त्याच जिन्यावरून शेवटचे खाली गेले होते, आणि तरी रोज सकाळी आपलं 'नमस्कार हार्म्सबाई', 'नमस्कार इंगवरसनसाहेब' चालूच.

यंदा नाताळच्या दुसऱ्या दिवशी हार्म्सबाईंनी जिन्यात सांगितलं की मुलगा कायमचं फ्रायबुर्गला बोलावतोय. फ्रायबुर्ग म्हणजे देशाचं पार दुसरं टोक. वर्ष संपायच्या आत त्याला हो की नाही कळवायचं होतं.  इंगवरसन म्हणाले, तिकडे हवा बरी असते.

मग घरात जाऊन स्वतःवर यथेच्छ चिडले आणि बाईंच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवली. अठ्ठावीस तारखेला ल्युबेक शहर पायी बघायला आपण याल का, असं त्यात होतं. हार्म्सबाई लगेच हो म्हणाल्या. एवढ्या थंडीत दिवसभर पायपीट करायला बाई का तयार झाल्या असाव्यात, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

इंगवरसनांनी छत्तीस वर्षं लिफ्टची तपासणी केली होती. प्रत्येक गोष्ट कागदावर, प्रत्येक ओळीपुढे वेळ. ल्युबेकचाही तसाच कागद केला होता: वेशीचा दरवाजा, चार ख्रिस्ती देवळं, नदीकाठ, जेवणाला चाळीस मिनिटं. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात 'तू' असं लिहिलं होतं. त्यापुढे मात्र वेळ नव्हती. ते कुठेतरी मधे उरकेल, असं त्यांनी धरलं होतं.

सकाळपासून बर्फ आणि पाऊस यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. दगडगोट्यांच्या रस्त्यांवरून इंगवरसन पुढे आणि बाई मागे, अशी वरात निघाली. पहिल्या देवळात त्यांनी बाईंना छताची उंची सांगितली, दुसऱ्यात विटांची जाडी. तिसऱ्यात बाई बाकावर बसल्या, तर यांनी घड्याळ पाहिलं. मग एका बोळात शिरताना कमानीवर त्यांचं कपाळ आपटलं. बाईंनी रुमाल काढून ते दाबून धरलं आणि बराच वेळ धरूनच ठेवलं. बोळात बाहुलीची असावीत तशी घरं दाटीवाटीने उभी होती.

"इतकं जवळ राहून हे लोक एकमेकांना काय म्हणत असतील हो?" बाईंनी विचारलं.

"बहुधा भाडेकरू," इंगवरसन म्हणाले.

बाईंनी रुमाल घडी करून ठेवून दिला.

दुपारी बाजारचौकात गरम मसालेदार वाइनचे दोन पेले घेऊन ते उभे राहिले. आमच्याकडे 'तू'वर येण्याची रीत अशीच आहे: कोपरात कोपर अडकवायचा, आपापला पेला प्यायचा आणि एकमेकांचं पहिलं नाव घ्यायचं. हार्म्सबाईंनी हातमोजा काढला, पेला उचलला आणि कोपर त्यांच्याकडे वळवून तसाच धरला. इंगवरसनांना कळलं.  पण हे देणं झालं की बाईंचा कोपरच तसा आहे? न दिलेलं घ्यायचं म्हणजे अतिप्रसंगच की.

"हात गारठला वाटतं," असं म्हणून त्यांनी स्वतःचा हातमोजा काढून बाईंना दिला.

बाईंनी तो घातला. मग पेल्यात बघत म्हणाल्या, "बिल्डिंगमध्ये सगळे मला 'थांबा' म्हणतात. टपालवालासुद्धा म्हणाला. नुसत्या 'थांबा'वर कोणी थांबतं का हो?"

इंगवरसनांनी तोंडात वाइनची गुळणी धरली. मग एकोणीस वर्षांचं सगळं त्यांनी वाइनबरोबर गिळलं.

चारला अंधारून आलं. स्टेशनकडे जाताना शेवटच्या चौकात पायी जाणाऱ्यांचा दिवा लाल होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पण लाल म्हणजे लाल. आमच्यात अशा वेळी माणूस मुकाट उभा राहतो. तसे दोघंही राहिले.

"किती थांबायचं माणसाने," हार्म्सबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

तेवढ्यात वळणावरून एक सायकलवाला आला, बिनदिव्याचा, भरधाव.

"मारेन, थांब!" इंगवरसन ओरडले.

बाई जागच्या जागी थांबल्या. सायकल त्यांच्या कोटाला घासून निघून गेली. त्या वळल्या, तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता, की एकोणीस वर्षांत इंगवरसनांनी तो तसा पाहिला नव्हता. सायकलवाल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. त्या वाट पाहत उभ्या होत्या.

इंगवरसनांचे कान लाल झाले. न विचारता नाव घेतलं, न विचारता 'तू', आणि तेही भर चौकात ओरडून. त्यांनी टोपी काढली.

"माफ करा हार्म्सबाई. घाईत तोंडातून निसटलं. मला 'थांबा' म्हणायचं होतं."

रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून बाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

"काही हरकत नाही, इंगवरसनसाहेब. मला वाटलं, खरंच म्हणालात."

आणि त्या पलीकडे गेल्या. इंगवरसनांनाही धावत जायचं होतं. पण दिवा अजून लाल होता.

गाडीत बसल्यावर बाईंनी हातमोजा काढून परत दिला आणि मुलाला फोन लावला. "येते रे मी," त्या म्हणाल्या. "हो, कायमची. तू काळजी करू नकोस." खिडकीशी बसलेल्या इंगवरसनांना रडू फुटत होतं, पण ज्यांना 'तुम्ही' म्हणायचं अशा बाई समोर बसल्या होत्या. त्यांनी कागद काढला, 'परतीची गाडी' या ओळीपुढे बरोबरची खूण केली, आणि त्याखालची बारीक अक्षरातली ओळ पट्टी लावून, सरळ रेषेत खोडली.