पेटीबुवांचा हात

सेमिनारच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मग खिडक्यांचे कट्टे भरले, आणि उशिरा आलेले दारात एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून उभे राहिले. पुढच्या टेबलाशी एक पाहुणा संशोधक घामाघूम होऊन बसला होता. त्याचा हवामानाचा प्रोग्रॅम त्याच्या संस्थेत गुणी बाळासारखा चालायचा. इथल्या क्लस्टरवर, म्हणजे तळमजल्यावरच्या गार हॉलमध्ये एकत्र जोडून ठेवलेल्या शेकडो संगणकांवर, मात्र सुरू होताच मान टाकायचा.

"बुवा येतायत," दारातून कुणीतरी कुजबुजलं, आणि आपोआप वाट झाली.

पेटीबुवा आत आले. हे क्लस्टरचे व्यवस्थापक. पायांत मऊ चपला, गळ्यात मशीन हॉलचं कार्ड, चालणं असं की घाई ही इतरांनी करायची गोष्ट आहे. ते खुर्चीत बसले, पण कीबोर्डला हात लावला नाही. आधी पाहुण्याकडे बघितलं.

"कधीपासून त्रास आहे?"

"आल्यापासून, बुवा."

"बाहेरचं काही घेतलं होतं?"

"नेटवरून दोन लायब्ऱ्या उतरवल्या होत्या."

"तेच बाधलंय." बुवांनी डोळे मिटले. "मंडळी, यंत्रालाही मन असतं. परका हात लागला की ते आखडतं. त्याला ओळखीचा स्पर्श हवा, विश्वास हवा. याला आपण पेटीत घेऊ."

त्यांनी काहीतरी पुटपुटत दोन ओळी टाइप केल्या आणि एका बोटाने एंटर दाबलं. पडद्यावर आकडे धो धो वाहू लागले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"आता दोन गोष्टी," बुवा म्हणाले. "पेटी उघडून बघायची नाही. आणि पेटी इथल्या उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, बाहेर ती चालत नाही."

"आणि माझा शोधपेपर छापून येईल तेव्हा त्यात तुमचं नाव, बुवा," पाहुणा म्हणाला.

"ते मी कुठे म्हणालो?" बुवा हसले. आजवर त्यांना ते म्हणावं लागलंच नव्हतं.

मागच्या रांगेत एकीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पीएचडीची विद्यार्थिनी. प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची खोड, म्हणून लॅबने तिचं नाव शंका ठेवलं होतं, आणि आता तिची आई सोडली तर तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं. आज तिला टाळ्या ऐकवत नव्हत्या, कारण त्या पेटीत ती स्वतः अडकून पडली होती.

अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून रक्त कसं वाहतं, कुठे थबकतं, याचा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. प्रबंध लिहून झाला होता. एका रुग्णालयाच्या संशोधन विभागातली नोकरी तिची वाट बघत होती, डिग्री हातात पडताच रुजू व्हा म्हणून. पण बाहेरच्या परीक्षकाने एकच अट घातली होती: हा प्रोग्रॅम आमच्या क्लस्टरवर चालवून दाखवा, आकडे जुळले की मी सही करतो. शंकाने बुवांची पेटी त्याच्याकडे पाठवली. तिथे पेटी उघडण्याआधीच कोसळली. पुन्हा पाठवली, पुन्हा कोसळली. महिनाअखेरीपर्यंत हे निस्तरलं नाही, तर प्रबंध परत येणार होता आणि नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"तू परीक्षकालाच इथलं लॉगिन दे ना," कँटीनमध्ये लंबू म्हणाला. हा तिच्या शेजारच्या टेबलावरचा उंच मुलगा. "बुवांनी हात ठेवला की चालेल."

"विचारलं होतं. त्यांनी कळवलंय, तुमच्या घरी येऊन तुमचा स्वयंपाक छान झालाय म्हणायचं, ही काही परीक्षा नव्हे."

"मग बुवांच्या पाया पड."

"पडले. म्हणाले, तिथली यंत्रं अजून तयार नाहीत. मनाने."

लंबू चहात हसला. तिला हसू आलं नाही. तिच्या बसायच्या खोलीला खिडकी नव्हती, मशीन हॉलची घरघर भिंतीतून दिवसभर यायची, आणि अलीकडे तिला वाटायचं की आपणच त्या भिंतीतल्या एखाद्या यंत्राच्या आत बसलोय. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. "सुटलीस का गं?" एवढंच आई विचारायची, आणि ती म्हणायची, "होईल."

ती पेटी म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण त्या संस्थेत ते बऱ्याच जणांना नीट ठाऊक नव्हतं आणि बुवांचं सगळं दुकान त्या अज्ञानावर चाललं होतं. कुठलाही शास्त्रीय प्रोग्रॅम एकटा राहत नाही. त्याला गणिताच्या लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेले प्रोग्रॅमचे तयार तुकडे, लागतात; त्या लायब्ऱ्यांना आणखी लायब्ऱ्या लागतात, आणि प्रत्येकीची ठरावीकच आवृत्ती चालते. घर बदललं की एखादं भांडं मागे राहतं आणि संसार अडतो. म्हणून लोकांनी युक्ती काढली: प्रोग्रॅमचं अख्खं बिऱ्हाड, अगदी चमच्यापर्यंत, एका फाइलमध्ये भरायचं आणि ती फाइल हवी तिथे न्यायची. तिला म्हणतात कंटेनर. तिचा सगळा उपयोगच मुळी बाहेर नेण्यात आहे. बाहेर न चालणारा कंटेनर म्हणजे पाण्यात न चालणारी होडी.

हा विचार शंकाच्या मनात किती दिवस घोळत होता. पण गुंता सुटला तो भलत्याच टोकाकडून. परीक्षकाकडे तिसऱ्यांदा पेटी पाठवताना ती वाट बघत बसली, आणि फाइल चहा निवायच्या आत पोहोचली.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. रक्तप्रवाहाच्या गणिताची एक लायब्ररी तिला माहीत होती, ती एकटीच या अख्ख्या पेटीपेक्षा वजनाने जास्त होती. सगळं बिऱ्हाड आत आहे म्हणतात, मग पेटी एवढी हलकी कशी?

कंटेनर चालवताना एक साधी सूचना देता येते: दारं-खिडक्या लावून घे, या क्लस्टरच्या सामायिक डिस्कवरचं काहीही आत येऊ देऊ नकोस. बुवांनी दिलेल्या आज्ञेत ही सूचना नव्हती, आणि बुवांची आज्ञा बदलायची कुणाची छाती नव्हती. शंकाने आधी दुसऱ्या एका संस्थेने सर्वांसाठी खुला ठेवलेला कंटेनर घेतला आणि दारं लावून चालवला. चालला. म्हणजे दारं लावण्यात खोट नव्हती. मग बुवांची पेटी घेतली, आपल्या आकड्यांचं फोल्डर तेवढं हाताने आत दिलं, दारं लावली, एंटर दाबलं.

पेटीने मान टाकली. मागे एक ओळ राहिली: अमुक लायब्ररी सापडली नाही. कुठे शोधली, तो पत्ताही त्या ओळीत होता. तो वाचून शंकाने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

ती आधी तिच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळं ऐकलं, उठून खोलीचं दार लावलं आणि परत बसल्या.

"हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"आपल्या लॅबचा एकूण एक पेपर या पेटीतून निघालाय, माहितेय ना तुला? आत कोणत्या आवृत्तीच्या लायब्ऱ्या होत्या हे आपल्याला ठाऊकच नाही, असं तू चारचौघांत म्हणणार. सगळ्यात आधी कोण बुडेल?"

"मी."

"तू, मी, आणि बुवांच्या पेटीवर पेपर लिहिलेला प्रत्येक जण." मॅडमचा आवाज खाली आला. "मी त्यांच्या बाजूने नाही गं. पण वरचा मजला पाडताना आपण त्याच घरात बसलोय."

शंका बाहेर आली. गप्प बसलं तर प्रबंध परत. बोललं तर प्रबंधाखालची जमीन गेली. कोणत्याही बाजूने वळली तरी भिंतच होती. ती दिवसभर तशीच बसून राहिली, आणि संध्याकाळी आईने नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "आई, मला माझेच आकडे खरे आहेत की नाहीत, हे माहीत नाही."

"मग बघ की," आई म्हणाली. "बघायला कोणी अडवलंय?"

पुढच्या सेमिनारला पुन्हा गर्दी. पुन्हा एक आजारी प्रोग्रॅम, पुन्हा ओळखीचा स्पर्श. बुवा एंटर दाबणार, इतक्यात मागच्या रांगेतून शंका उभी राहिली.

"बुवा, एक विनंती. पेटी तुमचीच, हातही तुमचाच. फक्त दारं लावून चालवाल?"

बुवांनी वळून पाहिलं. "दारं लावली की तिचा श्वास कोंडतो, बाळ."

खोली हसली. शंकाही हसली. "तो श्वास कुठून येतो, तेवढंच बघायचंय."

"शंका घेतली की यंत्र आखडतं."

"मी बाहेर जाऊन उभी राहते. म्हणजे माझी शंका आड येणार नाही."

आता हशा बुवांच्या बाजूचा नव्हता. नाही म्हणायची सोय उरली नाही. बुवांनी टाइप केलं, आणि पाहणाऱ्यांना पहिल्यांदाच दिसलं की त्यांच्या बोटांनाही घाई होते. एंटर दाबलं. पडद्यावर एकच ओळ उमटली.

"वाच रे," कुणीतरी लंबूला म्हणालं, तो सगळ्यांत उंच म्हणून.

लंबूने वाचायला सुरुवात केली आणि शेवटाकडे त्याचा आवाज बसत गेला. "लायब्ररी सापडली नाही... शोधलं ते ठिकाण... हे तर बुवांचं स्वतःचं फोल्डर आहे."

लंबू वळून शंकाकडे बघू लागला.

"पेटी रिकामी आहे," शंका म्हणाली. "म्हणजे प्रोग्रॅम आहे, पण बिऱ्हाड नाही. सगळ्या लायब्ऱ्या बुवांच्या फोल्डरमध्ये आहेत. ते फोल्डर क्लस्टरच्या सामायिक डिस्कवर आहे, आणि या क्लस्टरची रचना अशी केलीय की ती डिस्क प्रत्येक पेटीत आपोआप उघडी पडते. म्हणून पेटी इथे चालते. बाहेरच्या क्लस्टरवर ते फोल्डरच नाही, तिथे ती कोसळते. आणि बुवांनी हात ठेवायचा म्हणजे आपल्याला ते फोल्डर वाचायची परवानगी द्यायची. दोन ओळी. त्या टाइप केल्या की यंत्राचं मन मोकळं होतं."

सगळे बुवांकडे बघत होते. बुवा पडद्याकडे.

"पहिली पेटी घाईत केली होती," ते म्हणाले. आवाज साधा होता, कार्यालयातल्या कुठल्याही माणसाचा असतो तसा. "ती माझ्या फोल्डरमधून उचलतेय, हे मलाही माहीत नव्हतं. एकदा डिस्क साफ करताना फोल्डर हलवलं आणि तुमचं सगळ्यांचं काम आडवं झालं. परत जागेवर ठेवलं. तर तुम्हीच म्हणालात, बुवांनी हात लावला आणि चाललं."

"मग सांगितलं का नाही?" लंबूने विचारलं.

"त्या दिवशी ऐकायला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, तर कुणीतरी पेपरात नाव घातलं होतं." त्यांनी गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "तेव्हापासून मी एक रजा घेतलेली नाही. बहीण आजारी होती तेव्हा तिच्या खाटेशी बसून तुमच्या परवानग्या देत होतो. मी नसलो आणि काही बिघडलं, तर सगळं उघडं पडेल ही भीती. तुम्ही पेटीत असाल, पण झाकण आतून धरून मी बसलो होतो."

मग पुढच्या रांगेतून मॅडम उठल्या.

"खरं बिऱ्हाड भरलेली पेटी करायला काय लागेल?" मॅडमनी विचारलं. प्रश्न शंकाला नव्हता, बुवांना होता.

बुवांनी मान वर केली. "आधी कोणत्या आवृत्त्या आहेत ते काढावं लागेल. ते मला येतं."

"मग करा. आणि सगळे जुने आकडे नव्या पेटीत पुन्हा काढायचे. आपल्या लॅबपासून सुरुवात. बुवा, तुमचं नाव पेपरात राहील, पण काय केलंत ते लिहून."

काम उघड्यावर झालं. पेटीत काय भरायचं, कुठून आणायचं, कोणती आवृत्ती, हे ओळीने सांगणारी कृती सर्वांना दिसेल अशी ठेवली, म्हणजे कोणालाही तिच्यावरून आपली पेटी बांधता यावी. नवी पेटी चांगली जड झाली. शंकाने ती दारं लावून चालवली. निष्कर्ष टिकला. एक आलेख मात्र बदलला, जुन्या पेटीत एका लायब्ररीची भलतीच आवृत्ती शिरली होती म्हणून. तिने तो आलेख प्रबंधात बदलला आणि खाली का बदलला तेही लिहिलं. मग जड पेटी आणि कृती परीक्षकाकडे रवाना केली.

महिना संपायच्या आत उत्तर आलं. "चालली. आकडे जुळले. आमच्याकडच्या ज्या मुलाने चालवली त्याला तुमचं नावही माहीत नव्हतं, आणि मी तेव्हा जेवायला गेलो होतो. सही करून पाठवतोय."

त्या संध्याकाळी आईचा फोन यायच्या आत शंकानेच केला. "सुटले," ती म्हणाली.

बुवा तेव्हा बहिणीकडे होते, रजेवर, फोन बंद करून. खाली हॉलमध्ये शेकडो संगणक त्यांच्यावाचून घरघरत होते, आणि एकाही यंत्राचं मन आखडलं नव्हतं.

कोणी तुम्हाला म्हणालं, हे फक्त माझ्याच हातून होतं, इथेच होतं, आणि उघडून बघायचं नाही, तर त्याच्याशी भांडू नका, त्याची टिंगलही करू नका. दारं लावा, आणि पुन्हा करून दाखवायला सांगा. खरं असेल तर दार लावूनही चालेल. आणि नसेल, तर आत अडकलेल्यांत बहुधा तोही असेल.