नऊ थरांची वाकळ

कुरुंद्याच्या आमच्या बालवाडीचा पहिला फोटो अजून माझ्याकडे आहे. तो कुणालाही दाखवला की विचारतात, "लग्न कुणाचं होतं?" लग्न कुणाचंच नव्हतं. त्या फोटोपायी माझी बालवाडी जाता जाता राहिली, म्हणून मी तो जपून ठेवलाय.

चौऱ्याहत्तर साल होतं. मी बालवाडीची नवी बाई. सत्तावीस लेकरं घेऊन लिंबाखाली बसायची. वरून कावळा शिटला की कविता बंद, हसणं सुरू. तालुक्याच्या ऑफिसातून निरोप आला होता की पावसाळ्याआधी खोली झाली तर बालवाडी कुरुंद्यात राहील, नाहीतर शेजारच्या हट्टा गावाला जाईल. भिंती गावाने श्रमदानाने बांधायच्या आणि पत्रे ऑफिस देणार. भिंती अर्ध्यावर आल्या की चालू कामाचा एक फोटो मात्र पाठवायचा.

शेतातून आले की लोक खोलीवर यायचे. कुणी दगड आणायचं, कुणी मातीचा गारा तुडवायचं. एका दिवसाला एक थर, असं करत नऊ थर चढले आणि भिंत माझ्या गळ्याला लागली. मी वसमतच्या फोटोवाल्या नासेरभाईंना फोटोचं सांगितलं, बायकांना म्हणाले, "गुरुवारी फोटोवाले येणार आहेत, सगळ्या हजर राहा," आणि तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला वसमतला निघून गेले. चूक माझीच. आमच्या गावात फोटो म्हटलं की काय होतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आमच्याकडे फोटो म्हणजे आयुष्यात एकदा, लग्नात. त्यासाठी उसनी घड्याळं मनगटावर चढतात. अर्धवट कामाचा तर कुणी फोटो काढूच देत नाही, नजर लागते म्हणून. समोर राहणाऱ्या चतुराबाई, माझ्या नवऱ्याच्या चुलत आत्या, साठी ओलांडलेल्या आणि गावाला पुरून उरलेल्या. त्यांनी बायकांना जमवलं आणि फर्मान सोडलं, "उघड्या बोडक्या भिंतीचा फोटो? काय इज्जत राहील आपली तालुक्यात?"

मग काय विचारता. जैनबबीच्या घरून लग्नाची मोठी चादर आली, ती भिंतींवरून ताणून छत झालं. ठेवणीतली लुगडी भिंतीवर सोडली, त्यांनी सगळे दगड झाकले. किशनरावांच्या नव्या घराची चौकट आणि दार अंगणात पडलं होतं, ते चौघांनी उचलून आणून उभं केलं. आंब्याचं तोरण बांधलं. लेकरांना तेल चोपडून, भांग पाडून पुढे बसवलं. नासेरभाई तर मुळातच अर्धवट गोष्टीचा फोटो न काढणारे, ते खूश होऊन गेले. "ऐसा काम होना," म्हणाले, आणि घाई आहे हे माहीत असल्यामुळे फोटो धुऊन थेट ऑफिसात देऊन आले.

पुढच्या गुरुवारी ऑफिसातल्या साहेबांनी मला बोलावलं. खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "बाई, अभिनंदन! पत्र्यांची वाट न बघता तुम्ही इमारत पूर्ण केलीत. असं गाव मी पाहिलं नाही. तुमचे पत्रे आता दुसऱ्या गावाला देता येतील."

मी फोटो हातात घेऊन पाहिला. दार, तोरण, छत, सगळं झोकात. छताच्या कडेला जैनबबीच्या चादरीची झालरसुद्धा दिसत होती.

"साहेब, ते छत नाही, चादर आहे."

"आणि दार?"

"दार किशनरावांचं आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, पण फोटो त्यांच्या हातात होता आणि माझ्याकडे नुसतं तोंड होतं. ऑफिसची जीप बंद पडलेली, त्यामुळे कुणी बघायला येऊ शकत नव्हतं. "शनिवारी दुपारी पत्र्यांची यादी परभणीला जाते. त्याआधी काम कुठवर आलंय त्याचा काही पुरावा आणा," ते म्हणाले. नासेरभाईंकडे गेले तर ते कपाळाला हात लावून बसले. त्यांचा रोल संपला होता, नवा नांदेडहून सोमवारी येणार होता.

मी घरी आले ती थेट चतुराआत्यांच्या ओसरीवर चढले. तेव्हा जे बोलले ते लिहायची आज लाज वाटते, पण लिहिते. "तुमच्या हौसेपायी माझी लेकरं रस्त्यावर आली, आत्या! कुणी सांगितलं होतं तुम्हाला भिंत झाकायला?"

आत्या कधी ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र उठून आत गेल्या आणि एक गाठोडं घेऊन आल्या. त्यांनी ते माझ्यापुढे सोडलं, पण सोडताना तोंड दुसरीकडे केलं.

ती वाकळ होती. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून, थरावर थर घालून शिवतात ती आपली गोधडी. पण अर्धीच. खालच्या बाजूला तुकड्यांच्या आडव्या पट्ट्या होत्या आणि वर नुसतं कोरं अस्तर. मी पट्ट्या मोजल्या. नऊ होत्या.

"लेकरायला बसायला शिवून राहिले व्हते," आत्या म्हणाल्या. "ज्या दिशी जेवढी भित चढली तेवढीच पट्टी. जो कामाला आला, त्याच्या अंगावरच्या जुन्याचा तुकडा मागून घ्यायचा. आल्याबिगर तुकडा न्हाई. शेषराव दोन दिस आला न्हाई, बघ, त्याचं धोतर कुठं हाय का त्यात?"

शेषरावांचं धोतर खरंच दोन पट्ट्यांत नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे पळाला आणि मला एकदम रडू आलं.

"आत्या, हीच घेऊन जाऊ या."

"न्हाई!" त्या दचकल्याच. "अर्धी वाकळ घराभाईर काढत न्हाईत. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायचा, तो कोपरा शिवायचा, तिचं पोट भरलं की मग लोकायला दाखवायची. माझ्या मायनं तसंच केलं, मी तसंच केलं. उपाशी वाकळ कोणी दाखवतं व्हय?"

मला जे बोलायचं ते मघाशीच बोलून झालं होतं. समोर लिंबाखाली माझी दोन-तीन लेकरं अजून खेळत होती. आत्या त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग वाकळीची घडी घालत म्हणाल्या, "भित झाकून बघितली. आता उघडून बघू. शनिवारची पहिली गाडी किती वाजता हाय?"

शनिवारी साहेबांच्या टेबलावरचे कागद बाजूला सारून आत्यांनी वाकळ पसरली. शिपायासकट सगळं ऑफिस गोळा झालं. साहेब म्हणाले, "आजी, हे काय?"

"तुमाला पुरावा पाह्यजे ना? मंग बघा." आत्यांनी खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हा पह्यला थर. हे किशनरावचं धोतर, हा जैनबबीच्या वढणीचा तुकडा, हे माझं लुगडं. हा तिसरा थर. पेमाच्या बोटावर दगूड पडला, त्यानं धोतर फाडून चिंधी बांधली, तिचाच हा तुकडा. डाग धुतला, पण गेला न्हाई."

साहेबांचं बोट पाचव्या पट्टीवर थांबलं. तिथे टाके वेडेवाकडे होते आणि कापडाला सुईची जुनी भोकं दिसत होती. "इथे काय झालं?"

आत्यांना खोटं सांगता आलं असतं. "पाचवा थर तिरपा गेला व्हता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिशी पाडून पुन्हा बांधला. मंग मी बी पट्टी उसवली आन् पुन्हा शिवली. बराबर तसंच."

साहेब हसायला लागले. चांगले पोटभर हसले. "फोटोत तुमचं सगळं झकास होतं, आजी, आणि सगळं खोटं होतं. इथे तुम्ही स्वतःची चूकसुद्धा शिवून आणलीय. ह्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा?" त्यांनी यादी ओढली आणि कुरुंद्याचं नाव पुन्हा लिहिलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, आत्यांचा हात घट्ट धरला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

साहेबांनी वरच्या कोऱ्या अस्तरावरून हात फिरवला. "आणि इथून पुढे?"

"इथून पुढं तुमचे पत्रे," आत्या म्हणाल्या, आणि हात पुढे केला. "अंगावरचं काय तरी जुनं द्या."

साहेब गोंधळले. शिपाई खो खो हसला. "न्हाई, खरंच द्या," आत्या सोडायला तयार नाहीत. "ज्याचा हात लागला त्याचा तुकडा. न्हाई तर पट्टी व्हणार न्हाई." साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि आत्यांच्या हातावर ठेवला.

उरलेले थर चढले आणि मेच्या शेवटी पत्रे बसले. लेकरांनी पहिल्या दिवशी खडे मारून पत्र्याचा आवाज काढला आणि मीही त्यांना थांबवलं नाही. नासेरभाई नवा रोल घेऊन आले. ह्या वेळी छप्पर खरं होतं, दार खरं होतं, आणि लेकरं वाकळीभोवती रेटारेटी करत होती. नासेरभाई म्हणाले, "आता कसं, सगळं पूरा झालं. चतुराबी, ती वाकळ तेवढी शिवून टाका, मंग काढतो."

आत्या मधोमध बसल्या होत्या. साहेबांच्या रुमालाचा कोपरा तेवढा शिवायचा राहिला होता. एका हातात भाकरीचा तुकडा होता, दुसऱ्या हातात दोरा ओवलेली सुई. त्यांनी भाकरी आत सरकवली, सुई कापडाला लावली, आणि तशाच थांबल्या.

"न्हाई, नासेर," त्या म्हणाल्या. "आताच काढ. अजून एक कोपरा उघडा हाय."