पिशवी उघडली तेव्हा

प्रयोगशाळेत मला सगळे थेंबबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण भिंतींनाही कान असतात आणि मला तर चांगले दोन आहेत. पेशी गोठवायच्या आधी त्यांच्यात एक रसायन मिसळावं लागतं, नाहीतर बर्फाने त्या फुटतात. ते गारच ठेवून थेंब थेंब घालायचं, दहा मिनिटं. एकदम ओतलं तर पेशींना ते झेपत नाही. बावीस वर्षं यावरून मी नव्या पोरींना फाडून खाल्लंय.

आणि एके दिवशी मीच ते ओतलं.

पेशी पिशवीत भरून गोठवतात, आणि ही पिशवी होती गणित शिकवणाऱ्या एका मास्तरीणबाईंच्या पेशींची. त्यांच्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग, दोनदा उलटलेला. बहिणीच्या पेशींपासून आम्ही रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या पूर्वपेशी वाढवल्या होत्या, म्हणजे अजून लढायला न शिकलेल्या, कोवळ्या. दुसऱ्याच्या, अगदी बहिणीच्याही, पूर्ण वाढलेल्या पेशी रुग्णाच्या अंगावरच उठतात. कोवळ्या मात्र तिथेच मोठ्या होतात, त्या शरीराला आपलं म्हणायला शिकतात आणि मग कर्करोगावर तुटून पडतात, निदान आमची आशा तशी असते. आमच्याकडे आधी त्याच पेशींच्या तपासणीसाठी छोट्या कुप्या भरायच्या आणि मग पिशवी, अशी पद्धत. कुप्यांना मी पुरती दहा मिनिटं दिली. तेवढ्यात घरून फोन आला, सासूबाई न्हाणीघरात पडल्या. पिशवीत ते रसायन मी दोन मिनिटांत सोडलं, पिशवी गोठवायला ठेवली आणि धावत सुटले. सासूबाईंना नुसता मुका मार बसला होता.

दोन महिन्यांनी एक कुपी वितळवून तपासली. शंभरातल्या एक्क्याण्णव पेशी जिवंत. कागदावर सगळं झकास. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला जबर औषध सुरू होणार होतं. त्याने रोगाबरोबर त्याची स्वतःची, रक्त तयार करणारी हाडांतली मज्जाही मरणार, म्हणजे परतीचा रस्ता बंद. त्यानंतर पिशवी मेलेली निघाली, तर साध्या सर्दीनेही त्याचा जीव गेला असता.

झाकली मूठ सव्वा लाखाची. दुपारचं जेवण पुढ्यात घेऊन मी तासभर हेच घोकत बसले. मग डबा तसाच टाकून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"मॅडम, कुपी चांगली आहे. पिशवीचं मला माहीत नाही."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं.

"दोन महिने काय झोपला होतात?"

"भीती वाटत होती."

"आणि आज?"

"आज जास्त वाटतेय."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. पिशवीतून चिमूटभर काढून बघायची सोय नसते. वितळवायची तर सगळी, आणि वितळलेली परत गोठवता येत नाही. "उघडा," त्या म्हणाल्या. "न बघता मी त्याची मज्जा मारणार नाही."

कोमट पाण्यात पिशवी वितळली. थेंबभर काढून मी त्यात निळा रंग घातला. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. सूक्ष्मदर्शकावर वाकले तेव्हा मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते. वाटलं, निळ्याच दिसू देत. म्हणजे मी बोलले ते बरं झालं, असं होईल.

मी तीनदा मोजलं. शंभरात अठ्ठ्याऐंशी जिवंत.

"चांगल्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी वितळलेली पिशवी हातात घेतली. "होत्या."

भावाच्या शरीराची तयारी व्हायला आठवडा लागणार होता आणि वितळलेल्या पेशी इतके दिवस टिकणार नव्हत्या. संध्याकाळी त्या मी माझ्या हाताने कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकल्या. घरी सासूबाईंनी विचारलं, तोंड का उतरलंय? मी त्यांच्यावर खेकसले. त्या बिचाऱ्यांचा काय दोष होता!

मास्तरीणबाईंनी पुन्हा पेशी दिल्या, तक्रारीचा एक शब्द न काढता. त्या वाढायला पाच आठवडे हवे होते. चौथ्या आठवड्यात भावाच्या रक्तात रोग पुन्हा दिसला, आणि या खेपेला औषधाला दाद देईना. डॉक्टरांनी घरच्यांना बसवून सांगितलं, की आता पूर्वपेशी देऊन उपयोग नाही. पिशवीचंही सांगितलं, काही न लपवता.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई प्रयोगशाळेच्या दाराशी आल्या. आत यायला बाहेरच्यांना मनाई आहे, म्हणून मीच हातमोजे काढून बाहेर गेले.

"त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असता, तर तो वाचला असता?"

"कदाचित."

"कदाचित म्हणजे किती?"

शेवटी गणिताच्या बाई त्या. "दहांतले चार तरी वाचतात," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पर्सचा पट्टा हाताभोवती गुंडाळत, सोडत राहिल्या.

"उद्या पुन्हा असं झालं, तर बोलाल?"

मला खोटं बोलता आलं असतं. 'नाही' म्हणावं, त्यांना बरं वाटेल, असं फार वाटलं.

"बोलेन," मी म्हणाले.

"बोलायलाच पाहिजे. पोरांना मी तेच शिकवते." त्यांचा आवाज फाटला. "पण तुमचं तोंड मला पुन्हा दाखवू नका. आम्ही इथे असेपर्यंत वॉर्डाकडे येऊ नका. एवढं करा."

"बरं," मी म्हणाले, आणि त्या जिना उतरेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.