इंग्लंडहून आणलेलं घर

"हात नको लावू, बाळा," म्हणता म्हणता स्वानंदीनं जीभ चावली आणि तेच पुन्हा इंग्लिशमध्ये सांगितलं. तिच्या लेकीचा, केयाचा, तळवा त्या काळ्या पडलेल्या लाकडी खांबावर तसाच राहिला.

घर कित्येक शतकांपूर्वीचं, इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातल्या जमीनदाराचं. एका अमेरिकन गिरणीमालकानं ते तुळई-तुळईनं उतरवलं, बोटीनं आणलं आणि मॅसॅच्युसेट्समधल्या या टेकडीवर पुन्हा उभं केलं. आता ते म्युझियम होतं; गावातल्या, श्रूजबरीच्या लायब्ररीत त्याचा फुकट पास मिळाला, म्हणून वीणामावशींनी सगळ्यांना गाडीत घातलं होतं. मावशी स्वानंदीच्या नवऱ्याच्या, सुशांतच्या. जन्म इथेच काढलेल्या. त्यांच्या शब्दाबाहेर सुशांत जात नसे.

"ह्या बाबानं अख्खं घर उचलून आणलं," मावशी म्हणाल्या, "आणि तुला पुण्याहून माझं लोणचं आणायला बॅगेत जागा नव्हती."

सुशांत हसला. स्वानंदीची नजर केयावर होती.

केयाला तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि ती अजून एक शब्द बोलत नव्हती. दोन भाषांत पोर गोंधळलंय, हे निदान मावशींचं. तेव्हापासून घरात मराठी बंद, अंगाईसुद्धा. डॉक्टरांनी कान तपासून घ्या म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, जन्मल्याबरोबर तपासले होते की, आणि सुशांत तरी कुठे लवकर बोलला? सुशांतनं अपॉइंटमेंट कॅन्सल केली. स्वानंदी थोडी कुरकुरली. पण मनातून तिला सुटल्यासारखंच झालं होतं.

दगडी फरशीच्या मोठ्या दालनात गाइड बाईंनी जेवणाची घंटा दाखवली. शेतात राबणाऱ्यांनाही ती ऐकू जायची, म्हणाल्या. मग पोरांना कान झाकायला सांगून त्यांनी दोर ओढला.

मावशी केवढ्या दचकल्या. कुणाचं तरी तान्हं बाळ किंचाळून रडायला लागलं. केया पाठमोरी उभी होती. रंगीत काचेतून तळहातावर पडलेला लाल उजेड मुठीत धरत होती, सोडत होती.

"लक्ष नाही गं तिचं," मावशी म्हणाल्या.

स्वानंदीनं गाइड बाईंना पुन्हा वाजवायची विनंती केली. घंटा वाजली. केयानं मूठ उघडली, मिटली.

"घरी तर हाक मारली की वळते, यार," सुशांत पुटपुटला.

"घरी आपण तिच्याकडे चालत जातो, सुशांत. लाकडी फ्लोअर आहे आपला. पायांना कळतं तिच्या."

सुशांत केयाच्या मागे जाऊन उभा राहिला. त्यानं एकदा टाळी वाजवली. दुसऱ्यांदा हात जवळ आणले आणि तसेच धरून ठेवले. मावशी दोरी बांधलेल्या जुन्या बाकावर बसल्या. बसू नका म्हणून पाटी होती.

स्वानंदी वळसा घालून केयाच्या समोर गेली आणि फरशीवर गुडघे टेकून बसली. काहीबाही बोलू लागली. काय, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. केया तिच्या तोंडाकडे बघून हसली. दोन बोटं आईच्या ओठांवर ठेवली.

स्वानंदीच्यानं पुढे बोलवेना. केयानं बोटं काढली नाहीत. ती वाट पाहत राहिली.